फोनमधली पावलं, हापूसची पेटी आणि न जुळणारा हिशोब

त्रैराशिक
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार. प्रश्न साधाच आहे, पण नीट मांडायचा तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

मी ६१ वर्षांची. पुण्यात सहकारनगरला पाचव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहते. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त. आमच्या सोसायटीत पाडव्यापासून चालण्याची स्पर्धा लागली आहे. अक्षय तृतीयेपर्यंत रोज रात्री दहाच्या आत आपल्या फोनवरच्या पावलांचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. ज्याची बेरीज सगळ्यांत जास्त त्याला पाच डझनांची हापूसची पेटी. वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही, फोनमध्ये येतं ते अ‍ॅप चालेल, असं नोटिशीत लिहिलंय. म्हणून २३ जणांनी नावं दिली. यातल्या निम्म्यांनी आजवर लिफ्टपर्यंत चालण्यापलीकडे काही केल्याचं मी पाहिलेलं नाही, पण पेटी म्हटल्यावर माणसाचे पाय आपोआप हलतात.

आता माझी अडचण. हे आणि मी रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर बरोबर जातो. बरोबर निघतो, बरोबर परततो, वाटेत भांडतोही बरोबरच. परवा घरी आल्या आल्या दोन्ही फोन शेजारी ठेवून पाहिले. यांचा आकडा ४,२४०. माझा ३,११२.

हे ५ फूट ९ इंच, म्हणजे १७५ सेंटीमीटर. मी ५ फूट, म्हणजे १५२. अंतर तेच, पाऊल लहान, तर पावलं जास्त पडणार. व्यस्त प्रमाण, शाळेतलंच गणित. ४,२४० गुणिले १७५ भागिले १५२, म्हणजे माझी साधारण ४,८८० पावलं व्हायला हवीत. पाऊल उंचीच्या प्रमाणात असतं हे गृहीत धरलंय, तेवढी सूट द्या. पण सूट देऊनही १,७०० पावलं गेली कुठे? यांना विचारलं तर म्हणाले, "तू बोलत चालतेस ना, त्यात गळली असतील."

दिवसाच्या बेरजेत तर अजून तफावत. यांचे सहा हजार, माझे जेमतेम ३,९००. निवृत्त झाल्यापासून हे दुपारी दोन तास घोरतात आणि मी घरभर फिरत असते, हेही नोंदवून ठेवते.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत. रोज १८ हजारांच्या आसपास. काल १८,४१२. या माणसाला मी कोपऱ्यावरच्या डेअरीतही स्कूटरवरून जाताना पाहते. आधी उत्तर लिहून मागून रीत जमवणारी मुलं मी ३१ वर्षं तपासली आहेत, त्यामुळे जरा वास येतोय. पण पुराव्याशिवाय बोलणार नाही.

तर मला असं जाणून घ्यायचंय की फोन पावलं मोजतो म्हणजे नक्की काय मोजतो? त्याला माझे पाय तर दिसत नाहीत. आणि स्कूटरवर बसून, आपल्याकडच्या रस्त्यांवर, १८ हजार पावलं होऊ शकतात का?

फोन साधा अँड्रॉइड आहे, दोन वर्षांपूर्वीचा. पावलांचं अ‍ॅप त्यातच आलेलं.

---

ओहमचा नियम
सोमवार, रात्री ११:३५

काकू, प्रश्न वाचून बरं वाटलं. एरवी इथे "माझ्या फोनमध्ये स्टेप्स चुकीच्या येतात, उपाय सांगा" एवढंच असतं, ना फोन सांगतात, ना तो कुठे ठेवला होता ते.

मी एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांवर काम करतो, बावधनला. सेन्सरशी रोजचा संबंध. सोपं करून सांगतो.

फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नाही. तिच्या आत सिलिकॉनचं सूक्ष्म वजन, सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं. फोन हलला की ते वजन किंचित सरकतं आणि तेवढ्याने विजेतला फरक मोजला जातो. आपण पाऊल टाकतो तेव्हा सगळं शरीर थोडं वर जातं, खाली येतं आणि टाच टेकताना एक धक्का बसतो. आलेख काढला तर डोंगर-दरी, डोंगर-दरी असं दिसतं. फोन डोंगर मोजतो. पण एकटादुकटा डोंगर नाही, लय असलेले डोंगर. सेकंदाला साधारण दीड-दोन. फोन टेबलावर आपटला तर ते पाऊल नाही, हे त्याला त्यावरून कळतं.

म्हणजे काकू, फोन तुमचे पाय मोजत नाही. तो स्वतः किती वेळा लयीत हिंदकळला ते मोजतो. तुमची १,७०० पावलं इथेच कुठेतरी आहेत. चालताना फोन कुठे असतो तुमचा?

बऱ्याच फोनमध्ये आणखी एक चाळणी असते. सलग आठ-दहा पावलं लयीत पडली की मग तो ती धरतो, तोवर वाट बघतो. ओट्यापासून फ्रिज चार पावलं, फ्रिजपासून गॅलरी सहा पावलं, मध्ये थांबणं, असं घरातलं चालणं त्या चाळणीतून गळून जातं. फार सावकाश चाललं तरी गळतं, कारण धक्काच हलका असतो.

सेटिंगमध्येही एकदा बघून घ्या. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, पावलं वाचायला अ‍ॅपला शारीरिक हालचालींची वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर आकडा शून्यच दिसेल, तुमचा दिसतोय म्हणजे ती आहे. पण बॅटरी सेव्हर चालू असेल किंवा त्या अ‍ॅपवर बॅटरीचं बंधन असेल तर फोन त्याला मधूनमधून झोपवतो. तेवढ्या एका अ‍ॅपचं बंधन काढून टाका. बॅटरीची काळजी नको, मोजणारी चिप वेगळी आणि अगदी कमी विजेवर चालणारी असते. पावलांना जीपीएस लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

अ‍ॅपमध्ये तुमची उंची किती घातली आहे तेही पाहा. किलोमीटर तो बहुतेक वेळा पावलं गुणिले पावलाची लांबी असेच काढतो, आणि लांबी उंचीवरून ठरवतो. म्हणजे तुमचंच त्रैराशिक.

स्कूटरबद्दल उद्या लिहितो. त्या गृहस्थांच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा-बिट्टा आहे का, तेवढं बघून ठेवा.

---

रिकामटेकडा
मंगळवार, सकाळी ७:०५

१८ हजार करायला स्कूटर कशाला? फोन कुत्र्याच्या पट्ट्याला बांधा आणि चेंडू फेकत बसा. आमच्या टेकडीवर एक जण करतो. कुत्रा मात्र झकास झालाय.

---

एकशेतीन पायऱ्या
मंगळवार, सकाळी ९:२०

मी पर्वतीवाला. गेली २२ वर्षं रोज पहाटे पर्वती चढतो, १०३ पायऱ्या. पूर्वी कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र होतं माझ्याकडे, आत लंबकासारखा दांडा, चाललं की टिकटिक वाजायचं. देवळात वाजलं की पुजारी वळून बघायचे.

आता जावयाने त्याचा जुना आयफोन दिलाय. त्यात पावलांखाली मजलेही येतात. आधीच्या अँड्रॉइडमध्ये यायचे नाहीत, तेव्हा वाटायचं माझंच काही चुकतंय. नंतर कळलं की मजल्यांसाठी हवेचा दाब मोजणारा सेन्सर लागतो आणि तो स्वस्तातल्या फोनमध्ये बहुधा नसतो. आयफोनमध्ये तो २०१४ च्या आयफोन ६ पासून आला. आठ-नऊ मीटर वर गेलं की हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने कमी होतो, आणि फोनला तीनेक मीटरचा फरकही कळतो. त्याला तो एक मजला म्हणतो. अट एकच, दाब कमी होत असताना पावलंही पडायला हवीत. लिफ्टचे मजले धरत नाही. उतरलेले तर अजिबातच नाही. माझे गुडघे दुखतात ते उतरताना, आणि हा उतरण्याचं श्रेयच देत नाही. असो.

बाई, चिमूटभर अनुभव सांगतो. पर्वतीच्या पायऱ्या रुंद आणि बसक्या आहेत. एका पायरीवर कधी एक पाऊल, कधी दोन. मी थांबत थांबत चढतो तेव्हा फोन १०३ च्या जागी कधी ८५ दाखवतो तर कधी १४०. मी त्याच्याशी वाद घालणं सोडलंय.

---

त्रैराशिक
बुधवार, दुपारी ४:४८

सर्वांचे आभार. 'ओहमचा नियम', काकू म्हणालात, चालेल. फोन कुठे असतो असं विचारलंत, तो प्रश्न वाचला आणि स्वतःलाच चापट मारावीशी वाटली. ३१ वर्षं मुलांना सांगत आले की आधी मोजपट्टी तपासा, मग माप घ्या.

माझा फोन कापडी पिशवीत असतो. पिशवीत पाण्याची बाटली, देवासाठी फुलं गोळा करायची परडी आणि फोन. पिशवी कोपरात अडकवलेली. फोन तिथे हिंदकळत नाही, नुसता डोलतो. यांचा फोन पँटच्या खिशात, मांडीला चिकटून. दर पावलाला त्याला बरोबर धक्का.

पण नुसतं पटून उपयोग नाही, म्हणून काल आणि आज सकाळी प्रयोग केला. दहा चिंचोके घेतले. शंभर पावलं मनात मोजायची, की एक चिंचोका डाव्या मुठीतून उजव्या मुठीत. दहाही उजवीकडे गेले की हजार. तळजाईवर सपाट वाटेचा एक तुकडा आहे तिथे येरझाऱ्या घातल्या. ओळखीची दोन माणसं "जप चाललाय का?" असं विचारून गेली. मोजणी चुकू नये म्हणून नुसती मान हलवली, आता ती मला फार भाविक समजतात.

खऱ्या हजार पावलांना फोनने काय दाखवलं ते लिहिते. फोन हातात धरून, हात हलवत: ९८३. हातात धरून व्हॉट्सअ‍ॅप वाचत: ९४०. पिशवीत घालून, पिशवी कोपरात: ६५१. आणि भाजी आणायची माझी चाकांची पिशवी आहे, तिच्या बाहेरच्या कप्प्यात फोन ठेवून ती ओढत: ८७. सत्त्याऐंशी! हजारातली. आठवड्यातून तीनदा मी ती पिशवी ओढत भाजी आणते आणि फोनच्या लेखी मी तेव्हा बसून असते.

आता गंमत बघा. सोमवारी लिहिलं होतं की ४,८८० व्हायला हवी होती आणि ३,११२ झाली. भागाकार केला तर ०.६४. कोपरातल्या पिशवीचा प्रयोग सांगतो ०.६५. इतकं जुळलेलं उत्तर शाळेतल्या प्रयोगवहीत आलं असतं तर मी शेजाऱ्याचं पाहून लिहिलंय असं समजले असते.

मग प्रश्न आला, फोन ठेवायचा कुठे? मी साडी नेसते, टेकडीवर पंजाबी ड्रेस. दोन्हीला खिसा नाही. शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेतून आजीचा बटवा काढला. खणाचा, दोन बाजूंनी ओढायच्या दोऱ्या, आत अजून कात-सुपारीचा वास. फोन त्यात तिरका का होईना, मावला. दोऱ्या नाडीला गाठ मारून बटवा कमरेशी खोचला. हजार पावलांना १,००४.

आज दुपारी जेवेपर्यंत माझा आकडा ६,२१० आहे. घरातही बटवा सोडला नाही. यांनी दोनदा विचारलं, "किल्ल्या कुणाला द्यायच्या नाहीयेत का?"

स्कूटरचाही प्रयोग केला. हे चालवत होते, मी मागे, फोन बटव्यात. घरून मार्केट यार्ड आणि परत. जाताना आकडा लिहून घेतला, आल्यावर पुन्हा पाहिला. मधल्या काळात ५७ पावलं वाढली. त्यातली काही स्कूटरवर चढ-उताराची असतील, तीही खड्ड्यांच्या खात्यात टाकते. ज्या माणसाचे नऊ हजार जास्त आहेत असं समजावं, त्याला रोज १५८ वेळा मार्केट यार्डला जाऊन यावं लागेल. पेट्रोलच्या भावात त्याने हापूसचा बागच घेतला असता.

म्हणजे स्कूटर निर्दोष. मग १८ हजार कसे? आणि हो, पट्टा आहे. काळा, डाव्या मनगटावर.

---

ओहमचा नियम
बुधवार, संध्याकाळी ६:३०

बाई! (काकू मागे घेतलं. मला नववीत तुमच्यासारख्या बाई असत्या तर माझा नियम ओहमचा नसता, माझाच असता.)

पट्टा आहे म्हणालात, तर माझा अंदाज पक्का होत चाललाय. फोनही मोजतो, पट्टाही मोजतो. आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये दोन्हीकडून आकडे आले तर एका वेळेसाठी एकाचेच धरतात, कुणाला आधी मान द्यायचा तो क्रमही आपल्याला लावता येतो. पण पट्टा आणि फोन दोन्हींकडून आकडे घेणारं तिसरंच एखादं अ‍ॅप असेल आणि ते नीट लिहिलेलं नसेल, तर दोन्हींची सरळ बेरीज करून मोकळं होतं. एक माणूस, चार पाय.

पकडायची खूण अशी: ज्या दिवशी फोन घरी राहिला, त्या दिवशी आकडा निम्मा झालेला असेल.

दुसरी शक्यता हाताने आकडा भरण्याची. बऱ्याच अ‍ॅपमध्ये तशी सोय असते. आयफोनच्या हेल्थमध्ये ती नोंद उघडून पाहिली की माणसाने भरलेली आहे हे कळतं. पण उगाच कुणावर आळ नको, आधी बेरजेचं बघा.

---

गुडघेदुखी
बुधवार, रात्री ९:५५

मी फिजिओथेरपिस्ट, कर्वेनगरला. पेटीचं तुमचं तुम्ही बघा, मी वेगळ्याच कारणासाठी लिहितेय. सोसायट्यांमधल्या अशा स्पर्धा संपल्या की पुढच्या आठवड्यात माझ्याकडे टाचा आणि गुडघे येतात. तीन हजारांवरून एकदम बारा हजारांवर उडी मारू नका. आठवड्याला पाचशे-हजार वाढवा.

दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये कमरेला लावायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. टोकियो ऑलिंपिक आदल्याच वर्षी झालेलं, लोकांना व्यायामाचा उत्साह होता. गोल आकडा, लक्षात राहणारा. तोच आज आपल्या फोनमध्ये बसलाय.

हार्वर्डच्या आय-मिन ली यांचा २०१९ चा अभ्यास आहे, सोळा हजारांहून जास्त बायकांचा, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. पुढे वाढत्या पावलांबरोबर ते आणखी कमी होत गेलं आणि ७,५०० च्या आसपास स्थिरावलं. त्रैराशिक ताई, तुम्हाला आवडेल असा तपशील: त्या बायकांनी यंत्र सात दिवस कमरेलाच लावलं होतं. तुमच्या आजीच्या बटव्याच्या जागी.

आणि नुसत्या बेरजेपेक्षा वेगही बघा. मिनिटाला साधारण शंभर पावलं म्हणजे झपझप चालणं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं अशी हालचाल सांगते. घड्याळ लावून एक मिनिट मोजलं तरी कळतं, त्याला अ‍ॅप नको.

---

सायकलवाली
गुरुवार, सकाळी ८:१०

त्रैराशिक काकू, खिशावरून आठवलं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी 'नेचर'मध्ये एक अभ्यास छापला होता, १११ देशांतल्या सात लाखांहून जास्त लोकांच्या फोनमधल्या पावलांचा. जगाची सरासरी ४,९६१. भारताची ४,२९७. तेव्हा आपल्याकडे "भारतीय आळशी" अशा बातम्या झाल्या होत्या. त्यात भारतीय पुरुष ४,६०६ आणि बायका ३,६८४ असं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, वडिलांनी ते कात्रण मला दाखवून दाखवून छळलं होतं.

आता तुमचा कोपरातल्या पिशवीचा ०.६५ वाचून वाटतंय, त्या ३,६८४ मध्ये किती पर्स आणि किती पिशव्या असतील?

---

त्रैराशिक
गुरुवार, सकाळी ११:२६

सायकलवाली, छान पकडलंस. पण गणित शिकवलेलं असल्याने एक सावधगिरी. माझा ०.६५ हा एका बाईचा, एका फोनचा, एका पिशवीचा आकडा आहे. तो देशाला गुणून चालणार नाही. फरकाचा काही भाग पिशवीचा असेल, काही भाग खरंच घराबाहेर पडायला न मिळण्याचा असेल. किती कशाचा, ते त्या ३,६८४ वरून सांगता येणार नाही. वडिलांना मात्र एवढं जरूर सांग की ज्याला खिसा आहे त्याने बिनखिशाच्या माणसाला आळशी म्हणू नये.

---

त्रैराशिक
रविवार, संध्याकाळी ७:४०

शेवट राहिला होता, तो लिहून टाकते.

स्पर्धेच्या पहिल्या दिवसापासूनचे सगळ्यांचे आकडे मी वहीत उतरवून ठेवत होते (सवय). 'ओहमचा नियम' यांनी खूण सांगितल्यावर दुसऱ्या मजल्याची ओळ काढली. १८,२००, १८,०५०, १७,९४०, आणि मधल्याच एका मंगळवारी ९,१६०. पुढे पुन्हा १८.

आज सकाळी लिफ्टमध्ये गाठ पडली. आडून विचारायचं ठरवलं होतं, पण मला ते जमत नाही. सरळ म्हटलं, "त्या मंगळवारी फोन घरी राहिला होता का हो?" ते आधी चपापले, मग म्हणाले, "हो, चार्जिंगला लावून विसरलो. तुम्हाला कसं कळलं?" तळमजल्यावरच्या बाकावर बसून त्यांचा फोन पाहिला. मुलाने फोनमध्ये घालून दिलेलं कुठलंसं अ‍ॅप. आत दोन ओळी, एक फोनची, एक पट्ट्याची. माझ्या पहिल्या पोस्टीतल्या दिवसाची नोंद उघडली: फोन ८,९९०, पट्टा ९,४२२. बेरीज १८,४१२. तोंडी करून दाखवली. त्यांचा चेहरा एवढा पडला की मलाच वाईट वाटलं. बिचाऱ्यांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवून डॉक्टरांनाही सांगितलं होतं.

पण मग ९,००० तरी कुठून, असं विचारलं. मी तर तुम्हाला स्कूटरवरच बघते. तर म्हणाले, पहाटे पाच ते साडेसहा गच्चीवर चालतो, बायकोची झोप मोडू नये म्हणून चप्पल हातात घेऊन जिना चढतो आणि वर गेल्यावर घालतो.

वर गेल्यावर घालतात! आमच्या छतावर! गेली दोन वर्षं पहाटे आमच्या डोक्यावर धपधप आवाज येतो. आम्ही तो पाण्याच्या पंपाचा समजून सोसायटीकडे दोनदा लेखी तक्रार केली. प्लंबर येऊन पैसे घेऊन गेला. दीड तासात ९,००० म्हणजे बरोबर मिनिटाला शंभर, गुडघेदुखी म्हणतात तो झपझप वेग. पंपाची लयही तशीच होती.

त्यांनी स्वतःच ग्रुपवर दुरुस्ती टाकली, आधीच्या सगळ्या आकड्यांसकट. आता ते दुसऱ्या नंबरवर आहेत. पहिली चौथ्या मजल्यावरची मुलगी, ती कुठल्यातरी मॅरेथॉनची तयारी करतेय, तिच्या जवळपासही कुणी जाणार नाही. मी विसाव्यावरून अकराव्यावर आले. हे बाराव्यावर. सकाळपासून घरात जरा शांतता आहे.

बटव्याची दोरी मात्र जुनी आहे, काल तुटता तुटता राहिली. म्हणून लक्ष्मी रोडजवळच्या आमच्या शिंप्याकडे तीन पंजाबी ड्रेस टाकून आले. उजव्या बाजूला, शिवणीत, फोन उभा मावेल एवढा खिसा लावून दे म्हटलं. त्याने टेप गळ्यातून काढला, फोन हातात घेऊन लांबी-रुंदी मापली आणि म्हणाला, "बाई, हल्ली सगळ्या हेच सांगतात. नगाला चाळीस रुपये जादा."